आजोबांनी स्वतः सांगितलेलं, तरी "संदर्भ हवा" म्हणून काढून टाकलं. आता काय करावं?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. मी पलूस तालुक्यातला, नोकरीमुळं सध्या सांगलीत. पोस्ट लांबणार आहे पण गोष्ट मनाला लागलीय म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

कुणीही लेख लिहू शकतं अशा एका ऑनलाइन ज्ञानकोशात आमच्या गावाचं पान आहे. चार ओळींचं. तालुका, जिल्हा, २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या, संपलं. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, १९४३ ला अठरा वर्षांचे होते आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारात, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावोगाव चाललेल्या समांतर सरकारात, त्याच्या तुफान सेना या दलात होते. २००९ ला गेले. तोवर दर मे महिन्यात आम्ही पोरं सोप्यात झोपायचो आणि ते अंधारात बोलत राहायचे, भूमिगत लोक कुठल्या मळ्यात लपायचे, निरोप कसा पोचायचा, मारुतीच्या देवळामागं न्यायनिवाडा कसा बसायचा. हे मी स्वतःच्या कानानं ऐकलंय, आणि एकदा नाही, दहा-दहा वेळा.

मागच्या महिन्यात त्या पानावर मी तीन गोष्टी घातल्या. गावात न्यायनिवाडा बसायचा ही एक, आजोबांचं नाव ही दुसरी, आणि तिसरी "पत्री सरकार" या नावाबद्दलची. लोक म्हणतात गद्दारांच्या पायाला घोड्याला मारतात तसे पत्रे ठोकायचे म्हणून पत्री. आजोबा हे ऐकलं की ताटावरून उठायचे. म्हणायचे, तळपायावर काठ्या मारायचो, पत्रे कुणी ठोकले नाहीत, आमचं ते प्रति सरकार. तेवढंच लिहिलं मी.

दहा मिनिटात सगळं काढलं. मी परत घातलं, परत काढलं. तिसऱ्यांदा घातलं, चौथ्यांदा, पाचव्यांदा घातलं, मग मलाच एक दिवस ब्लॉक केलं. कारण काय तर "विश्वसनीय संदर्भ नाही", "मूळ संशोधन" आणि "हितसंबंध". माझ्या आजोबांच्या शब्दाला संशोधन म्हणायचं? आणि नातवाला हितसंबंधी? त्यात अजून एक जण येऊन सांगली जिल्हा खोडून सातारा करून गेला, दुसऱ्यानं परत सांगली केलं, त्यांचं वेगळंच चाललंय.

घरात १९७२ चा, सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना दिलेला ताम्रपट आहे, आजोबांच्या नावाचा. त्याचा फोटो टाकला तर चालेल का? का सोडूनच द्यावं हे सगळं?

गावभाग_सांगली
दादा, सोडू नका. मी विकिपीडियावर बरीच वर्षं लिहितोय, तुम्ही कुठल्या कोशावर लिहिलंत ते सांगितलं नाहीत पण असल्या बहुतेक कोशांनी नियम विकिपीडियावरूनच उचललेत, त्यामुळं तिथलंच सांगतो.

ब्लॉकचं आधी बोलू. ते तुमच्या आजोबांमुळं झालं नाही, चार वेळा परत घातलंत त्यामुळं झालं. इंग्रजी विकिपीडियावर सरळ नियम आहे, एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं तर ब्लॉक होऊ शकतो, आणि त्यात कोण खरं कोण खोटं हे बघितलंच जात नाही. एकदा तुमचं काढलं की जायचं चर्चा पानावर. प्रत्येक लेखाला ते असतं, वर टॅब असतो, आपले बहुतेक नवीन लोक तो कधी उघडतच नाहीत. तिथं शांतपणे लिहायचं की मी हे का घातलं, आणि समोरच्याला उत्तर द्यायला दोन-चार दिवस द्यायचे, तो पण आपल्यासारखाच नोकरी करून रात्री बसणारा माणूस असतो. तिथंही मिटलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विषय मांडायचा.

"मूळ संशोधन" या शब्दानं तुम्ही दुखावलात ते मला समजतंय, मलाही पहिल्यांदा तसंच लागलं होतं. पण त्याचा अर्थ "तुम्ही बनवून सांगताय" असा नाही. जे आधी कुठंच छापून आलेलं नाही ते पहिल्यांदा या कोशात छापायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरं असलं तरी नाही.

हे का, तर एक उदाहरण देतो, आपल्याच इतिहासाशी जोडलेलं आहे. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये एक लेख आला, १६४०-४१ ला गोव्यात डिचोलीला पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झालं म्हणून. मोठा लेख, तळाला पुस्तकांची यादी, सगळं व्यवस्थित. त्याला "चांगला लेख" असा दर्जा पण दिला गेला आणि पाच वर्षं तो तसाच राहिला. २०१२ च्या अखेरीला एका संपादकानं ती पुस्तकं शोधायला घेतली तर पुस्तकंच अस्तित्वात नाहीत. युद्धच झालेलं नाही. अहो १६४० ला शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, कुठलं मराठा साम्राज्य! आता विचार करा, तो लिहिणारा पण म्हणू शकला असता की माझ्या आजोबांनी सांगितलंय. तुम्ही खरे आणि तो खोटा हे स्क्रीनच्या पलीकडं बसलेल्याला कसं कळणार? त्याच्याकडं संदर्भ उघडून बघणं हा एकच मार्ग आहे.

जिल्ह्याचं भांडण तर एका ओळीत मिटतं. १९४३ ला सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली ठेवलं. वर माहितीच्या चौकटीत आजचा जिल्हा सांगली लिहायचा आणि इतिहासाच्या परिच्छेदात "तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात" असं लिहायचं. दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या सालाबद्दल बोलतायत.

गंगापुरी_वाई
वरच्या उत्तराला जोडून. मी वाईचा. आमच्याकडं विश्वकोश म्हटलं की अजून लोक मराठी विश्वकोशाचं ऑफिस दाखवतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ ला निघाला, विसावा २०१५ ला. लहानपणी शाळेच्या लायब्ररीत ते जाड खंड काढून बसायचो, मला त्यातली एक गोष्ट फार आवडायची, प्रत्येक नोंद संपली की खाली लेखकाचं नाव. आडनाव आधी, मग नाव. म्हणजे ही नोंद कुणी लिहिली, तो माणूस त्या विषयातला आहे का, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. वर संपादक मंडळ, विषयाचे जाणकार तपासणार, मग छपाई.

येरळाकाठ यांनी ज्या प्रकारच्या कोशावर लिहिलंय तिथं खाली नावच नसतं. मोठ्या प्राध्यापकानं लिहिलं काय आणि आठवीतल्या मुलीनं लिहिलं काय, पानावर दोघांचं सारखंच दिसतं. इतिहासाच्या टॅबमध्ये टोपणनावं दिसतात फक्त. मग विश्वास कशावर ठेवायचा? विश्वकोशात लिहिणाऱ्याच्या नावाला वजन, इथं ओळीच्या शेवटी संदर्भाचा जो छोटा आकडा असतो त्याला वजन. तो आकडा नसेल तर त्या ओळीला आधारच नाही. मला तरी ही रचना पटते. माझ्यासारख्या बीकॉम झालेल्या माणसाला विश्वकोशात कुणी नोंद लिहायला दिली नसती, पण इथं मी कृष्णेच्या घाटांवर लिहू शकलो, कारण मी कोण हे कुणी विचारलं नाही, पुस्तक आणि पान नंबर विचारला.

आणि एक फार मोठा गैरसमज आहे लोकांत, की संदर्भ म्हणजे लिंक. लिंक नाही! छापील पुस्तक चालतं, जुनं वर्तमानपत्र चालतं, ग्रंथालयात एकच प्रत असली तरी चालतं. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, पान. दुसऱ्या कुणाला ते शोधून बघता आलं पाहिजे एवढीच अट, घरबसल्या एका क्लिकवर दिसलंच पाहिजे अशी अट नाही.

माणदेशी_ताई
दोघांचं वाचलं, नियम मला पण माहिती आहेत, पण मी पूर्ण सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहिते.

छापलेलं असलं तरच घ्यायचं म्हणता, पण छापलं कुणाचं जातं? माझी आजी म्हसवडकडची. बेचाळीसच्या चळवळीत रानात लपलेल्या लोकांना भाकरी पोचवायच्या, तीन-तीन कोस चालत, पाटीत खाली भाकरी वर शेण, कुणी अडवलं तर शेणाला जातेय म्हणायचं. तिच्याबरोबर अजून चार-पाच बायका होत्या. एकीचंही नाव कुठं छापलेलं नाही. ताम्रपट नाही, पेन्शन नाही, कारण अर्ज करायला तुरुंगाचा दाखला किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागायचा आणि भाकरी नेली याचा कसला दाखला मिळणार. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील यांच्याबद्दल लिहिलं गेलंय, ते चांगलंच झालं, पण भाकरीवाल्यांचं काय? मग ज्ञानकोशात त्या कधीच येणार नाहीत का? आणि उद्याची पोरं ज्ञानकोशच वाचणार आहेत, आता तर मोबाईलला प्रश्न विचारला की तो पण तिथलंच वाचून सांगतो. म्हणजे तिथं नाही ते झालंच नाही असं होणार.

आणि हा प्रश्न मी एकटी काढत नाहीये. २०११ ला अचल प्रभाला या संशोधकांनी विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, मदतीनं एक प्रयोग केला होता, लोकांच्या तोंडून ऐकलेलं रेकॉर्ड करायचं आणि ते रेकॉर्डिंगच संदर्भ म्हणून लेखाला जोडायचं. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी, या भाषांत केलं. गावातले खेळ, देवळातल्या प्रथा, असे विषय. त्यावर खूप वाद झाले आणि तो मार्ग काही सर्रास झाला नाही. मला वाटतं व्हायला पाहिजे होता. मराठीत तर नक्की.

येरळाकाठ दादा, तुमच्या आजोबांचं एखादं रेकॉर्डिंग आहे का हो? कॅसेट, मोबाईल, काहीपण?

येरळाकाठ
नाही ना ताई. हेच सगळ्यात खुपतं. २००९ ला माझ्याकडं मोबाईल होता, त्यात रेकॉर्डर पण होता, मी त्यात गाणी ऐकायचो. कधी सुचलंच नाही.

सज्जनगड_पायथा
मी इतिहासात एमए केलंय, सध्या साताऱ्यात कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवतो. ताईंचं दुःख खरं आहे, पण मार्ग बंद आहे असं मला वाटत नाही, वाट लांबची आहे. त्यांच्याच मुद्द्याचं उत्तर त्यांच्याच घरात आहे बघा, जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारणीचं नाव, गाव, सगळं नोंदवून. आता ते सगळं पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर आहे. म्हणजे जे फक्त तोंडी होतं ते कुणीतरी पद्धतशीर नोंदवून प्रसिद्ध केलं, आणि त्या दिवसापासून ते संदर्भ झालं. आजही माणदेशात कुणी त्या भाकरीवाल्या बायकांच्या सुना-नातींशी बोलून, तारीख-वार घालून लिहिलं आणि एखाद्या मासिकानं किंवा विद्यापीठाच्या अंकानं छापलं तर पुढच्या माणसाला आधार मिळतो. ताई, तुम्ही लिहा ना. वर चार ओळीत जे लिहिलंत, पाटीत खाली भाकरी वर शेण, ते वाचून मी थांबलो. हे लिहून ठेवा, इथं नको, नीट लिहा.

आता येरळाकाठ, तुमचं. ताम्रपटाबद्दल आधी. तो अस्सल कागद आहे, म्हणजे पत्रा आहे, पण तो मूळ साधन झाला. त्यावरून फक्त एवढंच म्हणता येतं की अमुक नावाच्या माणसाला १९७२ ला ताम्रपट मिळाला. तो तुफान सेनेत होता, देवळामागं न्यायनिवाडा बसायचा, हे त्यातून निघत नाही, ते तुम्ही जोडताय, आणि जोडायचं काम संपादकानं करायचं नाही. फोटो टाकायला हरकत नाही, पण तो पुराव्याला पुरणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पहिलं सांगली जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे सरकारनं काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, बघितलं असतं, १९६९ चं, सातारचं १९६३ चं. इंग्रजीत आहेत, दोन्हीत चळवळीचा भाग आहे. मग राज्याच्या दर्शनिका विभागानं काढलेला स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश, त्याचे विभागवार खंड आहेत, पश्चिम महाराष्ट्राचा वेगळा. त्यात हजारो साध्या माणसांची नावं दोन-चार ओळीत आहेत, पुढाऱ्यांचीच नाहीत. मग शोधगंगा, तिथं शिवाजी विद्यापीठाचे पीएचडीचे प्रबंध आहेत, "प्रति सरकार", "तुफान सेना", गावाचं नाव, असं वेगवेगळं टाकून शोधा आणि स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा.

पत्री-प्रतीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तो नुसता तुमच्या घरचा नाही. पत्रे ठोकल्याची गोष्ट छापील आहे आणि तळपायावर काठ्या मारायचे हे पण छापील आहे. १९४३ ला ७ जूनला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली त्यातले कुंडलचे कॅप्टन भाऊ, त्यांच्यासारख्या त्या काळच्या माणसांच्या मुलाखती पी. साईनाथ यांनी घेऊन पारीवर प्रसिद्ध केल्यात. तुमच्या आजोबांच्या बाजूनं बोलणारे साक्षीदार असे छापील जगात सापडतात, ते आधी गोळा करा. आणि लिहिताना "पत्रे ठोकले हे खोटं आहे" असं कोशाच्या तोंडी घालू नका. "अमुक ठिकाणी असं म्हटलंय, चळवळीतल्या अमुकांनी मात्र असं सांगितलंय", दोन्ही बाजू, ज्याच्या त्याच्या नावानं, दोन्हीला आकडा. मग ते काढायला कुणाला जागाच राहत नाही. याला ते लोक तटस्थ दृष्टिकोन म्हणतात आणि मला तो पत्रकारितेपेक्षा सुद्धा कडक वाटतो.

गावभाग_सांगली
सर, एकदम बरोबर. एक सावधगिरी मी घालतो. वर्तमानपत्राचा संदर्भ देताना ती बातमी कुठून आलीय ते बघा. आमच्या भागातल्या एका देवळाचं साल कुणीतरी लेखात चुकीचं घातलेलं, पन्नास वर्षांचा फरक. संदर्भ नव्हता. यात्रेच्या वेळी एका वार्ताहरानं ते तिथनंच उचलून बातमीत लिहिलं. पुढच्या वर्षी कुणीतरी तीच बातमी लेखाला संदर्भ म्हणून जोडली, झालं, चुकीला आकडा मिळाला! मी काढायला गेलो तर मलाच विचारतात की संदर्भ असलेली ओळ का काढताय. शेवटी जुन्या गॅझेटिअरचं पान टाईप करून चर्चा पानावर ठेवलं तेव्हा मिटलं, दीड महिना लागला. तुम्हाला ज्यानं उलटवलं त्यानं असलं काहीतरी बघितलेलं असणार, म्हणून तो तसा वागला.

आणि हितसंबंध म्हणजे आरोप नाही. चर्चा पानावर सरळ लिहा, "हे माझे आजोबा, म्हणून मी स्वतः त्यांच्याबद्दलची ओळ घालत नाही, संदर्भ खाली देतोय, कुणी तपासून घालेल का". माझा अनुभव आहे, असं लिहिलं की लोक उलट धावून येतात.

येरळाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. रविवारी दोन लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी चरित्रकोशाचा तो खंड पुराच्या पाण्यात गेलाय म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी मिळाला. कपाटातून काढून देणाऱ्या मावशींनी फडक्यानं पुसून दिला. गावाच्या नावाखाली नाही, आडनावाच्या क्रमानं होता, म्हणून पानं उलटत बसलो आणि सापडले. साडेतीन ओळी. नाव, गाव, तालुका तासगाव लिहिलंय कारण तेव्हा आम्ही तासगावात होतो, शिक्षण चौथी, भूमिगत कार्यात भाग, आणि पुढं येरवड्याचे महिने. मी तिथंच बाकावर बसून आईला फोन लावला आणि वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही बराच वेळ, मग म्हणाली परत वाच.

पान नंबर, खंड, साल सगळं लिहून घेतलं, फोटो काढला. सरांनी सांगितलं तसं पारीवरच्या मुलाखती पण वाचल्या, त्यातल्या दोन घेतल्यात. चर्चा पानावर सगळं मांडलं, आधी चार वेळा उलटवल्याबद्दल माफी मागितली, मग संदर्भ. ज्यानं माझं काढलं होतं त्यानंच दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, पत्री आणि प्रति दोन्हीचा परिच्छेद त्यानं स्वतः घातला, माझ्यापेक्षा चांगला लिहिलाय. न्यायनिवाड्याची ओळ मात्र राहिली, त्याला गावाचं नाव घेऊन आधार कुठंच मिळाला नाही. ती मी काढूनच ठेवलीय. गावात त्या काळातल्या एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या, त्यांच्याकडं येत्या रविवारी जातोय, या वेळी रेकॉर्डर चालू करून.

एक अडचण राहिली. चरित्रकोशात आजोबांच्या वडिलांचं नाव चुकलंय. गणपतीच्या जागी गणू छापलंय. आता खरं लिहू का छापलेलं लिहू?

सज्जनगड_पायथा
सापडले हे वाचून फार बरं वाटलं. लेखात वडिलांचं नाव घालूच नका, आजोबांचं नाव, आडनाव आणि गाव पुरेसं आहे. चर्चा पानावर मात्र चरित्रकोशातलं आहे तसं, गणू, लिहून ठेवा आणि पुढं ताम्रपटावर काय कोरलंय ते लिहा. तिथं पूर्ण नाव असेल तर ताम्रपटाचा फोटो आता उपयोगी पडेल.

माणदेशी_ताई
दादा, त्या आजींकडं जाताना एक करा, पहिल्यांदा तारीख, गाव आणि त्यांचं पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून रेकॉर्डिंगमध्ये घ्या, माहेरचं पण. मी माझ्या मामीकडून सुरुवात केलीय, आजीच्या बरोबरच्या दोघींची नावं मिळाली.